नऊ मिनिटांचं पाणी

सोनकवठ्याचं पाणी तीन ठिकाणी असे. टाकीत, नळात आणि हणमंत शेडग्याच्या मनगटात. टाकी नगरपालिकेची होती, नळ लोकांचे होते. मनगट मात्र एकट्या हणमंतचं होतं आणि ३१ मे २०४१ रोजी ते निवृत्त होणार होतं.

गावात जमिनीखाली पाण्याचे त्रेसष्ट व्हॉल्व्ह. नकाशात एक्केचाळीस. उरलेले बावीस रस्ते रुंद होताना, गटारं फिरताना, नगराध्यक्ष बदलताना कुठं कुठं गाडले गेले ते फक्त हणमंतला ठाऊक. "चिंचेपासनं सात पावलं" असं तो सांगे. चिंच तोडून बारा वर्षं झाली होती, पण हणमंत बरोबर त्याच जागी थांबे, लोखंडी चावीनं माती उकरे आणि झाकण निघे. मग चावी व्हॉल्व्हवर बसवायची, तिच्या दांड्याला कान लावायचा आणि पोटातल्या लेकराची हालचाल ऐकावी तसं पाणी ऐकायचं. कुठं तेरा आटे उघडायचे, कुठं अठरा, कुठं निम्म्यात थांबून हवा जाऊ द्यायची, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

लिहून घेण्याचे प्रयत्न झाले नव्हते असं नाही. एका मुख्याधिकाऱ्यांनी चार पानी फॉर्म वाटला होता, 'तुम्हाला काय काय येते?' हणमंतनं पहिल्या पानावर लिहिलं, 'पाणी सोडता येतं.' पुढच्या तिन्ही पानांवर लिहिलं, 'पान एक बघा.' दुसऱ्या साहेबांनी पुण्याहून एक प्रेरणा देणारे वक्ते आणले. त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना खुर्चीवर उभं करून 'मी वाटणारा आहे' असं तीनदा म्हणायला लावलं. दुसऱ्या वेळेला हणमंतची खुर्ची मोडली. तिसऱ्यांनी 'ज्ञान वाटल्याने वाढते' असा फलक चौकात रोवला, तो नेमका सत्तावीस नंबरच्या झाकणावर. फलक काढेपर्यंत दोन दिवस पेठेला पाणी नव्हतं.

"तात्या चावी सरणावर घेऊन जाणार," इरफान मुजावर म्हणे. इरफान आणि श्रावणी कुंभार हे पाणी खात्यात नवे भरलेले दोघे. दोन वर्षं ते हणमंतच्या मागनं फिरत होते आणि अजून त्यांना फक्त सायकल धरायचं काम मिळत होतं.

"लाकडं ओली निघाली तर उपयोगाला येईल," हणमंत म्हणे.

लोकांना वाटे, मोठेपणापायी सांगत नाही. खरं कारण वेगळं होतं आणि ते फक्त नऊ मिनिटांचं होतं.

सोळा वर्षांपूर्वी हणमंतनं टाकीजवळच्या खालच्या आळीत घर बांधलं. वास्तुशांत झाली. थोरल्या बहिणीला, शालनआक्काला, आहेराची साडी दिली. आक्कानं घडी मोडली, काठ उलटा केला आणि तिचा चेहरा उतरला. साडी जांभळी होती. तिच्या फॉलला अर्ध्यापासनं पुढं हिरवा दोरा होता. जांभळा दोरा संपला म्हणून हिरव्यानं शिवला होता तो आक्कानंच, सहा वर्षांपूर्वी, मावसबहिणीला आहेर करताना. तिथनं ती साडी कुणाच्या डोहाळजेवणाला, कुणाच्या बारशाला, कुणाच्या लग्नाला अशी सात घरं फिरून, घडी न मोडता, परत आक्काच्या मांडीवर येऊन पडली होती.

भरल्या मांडवात आक्का उभी राहिली. "ह्या घरचं पाणी पिणार न्हाई," म्हणाली आणि जेवणाच्या ताटावरनं निघून गेली.

आक्का गावात ओव्यांसाठी नावाजलेली. हळद असो, बारसं असो, तिचा गळा लागे. त्या दिवसापासनं तिच्या ओव्यांतनं भाऊ गेला. आईची झाली, बापाची झाली की ती एकदम भाच्यांवर जाई. मधली जागा रिकामी ऐकू येई, दात पडल्यासारखी.

आक्काचं घर टेकआळीत, गावाच्या शेंड्यावर. नियमानं प्रत्येक आळीला पंचवीस मिनिटं. पण टेकआळीच्या नळातनं पहिली अकरा मिनिटं नुसती फुसफुस येते. पाणी चढ चढतं, दमतं, मग करंगळीएवढं वाहायला लागतं. पंचवीस मिनिटांत आक्काच्या दोन कळश्या भरत. हणमंतनं एकदा वरती लिहून दिलं होतं. त्यावर अभ्यास समिती नेमली गेली आणि अभ्यास अजून चालू होता.

मग हणमंतनं आपल्या आळीचा व्हॉल्व्ह सोळा मिनिटांतच बंद करायला सुरुवात केली. तिथं टाकी डोक्यावर, पाणी धबाधबा. सोळा मिनिटांत घरं भरत. उरलेली नऊ मिनिटं तो टेकआळीला देई. रोज, सोळा वर्षं. त्याची बायको मंगल भांडी घासताना नळ गेला की पाणी खात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. पाणी खातं शेजारी बसून भाकरी खात असे.

हे आक्काला कळलं तर ती तहानेनं मरेल, पण नळ उघडणार नाही, हे हणमंत जाणून होता. म्हणून तो कुणालाच काही सांगत नव्हता.

*

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात नव्या मुख्याधिकारी आल्या, ऋतुजा क्षीरसागर. वय बत्तीस, बोलणं मोजकं. त्यांनी भाषण केलं नाही. टेबलावर एक काळा पट्टा ठेवला, मनगटापासून खांद्यापर्यंत येईल असा.

"हणमंतराव, तुम्ही काही सांगू नका. लिहू नका. फक्त हा घालून एकवीस दिवस रोजचं काम करा."

"आणि?"

"आणि तुमचं काम ह्या दोघांच्या हातात जाईल."

कागदोपत्री त्याचं नाव 'कौशल्यवाहक' होतं. कामगारांनी पहिल्याच दिवशी त्याचा 'हातउसना' करून टाकला. गोष्ट तशी सोपी होती. हाताचा स्नायू आवळला की त्यातनं विजेची एक बारीक लहर जाते. तिच्यावर काजव्याएवढा दिवासुद्धा लागणार नाही, पण कातडीला चिकटवलेल्या चकतीला ती कळते. पट्ट्यात अशा बत्तीस चकत्या. कुठल्या जागी उभं असताना कुठला स्नायू कधी, किती वेळ आवळला, किती वेळ गप्प राहिला, हे सगळं त्या टिपून ठेवतात. मग दुसऱ्यानं पट्टा घातला आणि तो त्याच जागी जाऊन उभा राहिला की त्या चकत्या त्याच स्नायूंना त्याच क्रमानं अगदी हलका झटका देतात. पट्टा हात ओढत नाही. हाताला आठवण करून देतो. ऐकायचं की नाही, ते ज्याचं तो ठरवतो. पण आठवण इतकी आतनं येते, की माणूस बहुतेक ऐकतोच.

पट्ट्याला एक गोष्ट मात्र कळत नाही. कसब कुठलं आणि खोड कुठली. एकाच जागी पुन्हा पुन्हा जे घडतं, ते त्याच्या लेखी ज्ञान.

ही ओळ माहितीपत्रकात एकशेबाराव्या पानावर होती. एकशेबाराव्या पानापर्यंत कुणी गेलं नव्हतं.

"आणि मी न्हाई घातला तर?" हणमंतनं विचारलं.

"तर मोटारीचे व्हॉल्व्ह बसवावे लागतील. घड्याळावर चालणारे. सगळ्या आळ्यांना बरोबर पंचवीस मिनिटं."

हणमंतनं पट्टा उचलून उलटासुलटा केला. मोटार आली तर नऊ मिनिटं गेली. पट्टा घातला तर नऊ मिनिटं पट्ट्यात जाणार आणि कधी ना कधी कुणीतरी विचारणार.

"डावा का उजवा हात?" त्यानं विचारलं.

पहिले तीन दिवस त्यानं बेत केला तसं केलं. टेकआळीला मोजून पंचवीस मिनिटं, आपल्या आळीला पंचवीस. मंगल म्हणाली, "आज नळाला काय झालंय? देव पावला का साहेब बदलला?" तिसऱ्या दिवशी हणमंत पेठेत होता. समोरनं आक्का उतारानं येत होती, कमरेवर रिकामी कळशी, गुडघ्यावर हात. उताराच्या मध्यावर ती थांबली, भिंतीला टेकली, पुन्हा चालू लागली. वाचनालयाच्या नळावर तिनं कळशी भरली आणि चढाकडं बघितलं. बघतच राहिली.

चौथ्या दिवशी टेकआळीला चौतीस मिनिटं पाणी आलं. पुढचे सतरा दिवसही आलं.

*

एकवीस दिवस झाले. पट्टे श्रावणीच्या आणि इरफानच्या हातात चढले आणि गाव थक्क झालं. इरफान डोळे मिटून चालत गेला आणि हातानं चावी रोवली तिथं झाकण निघालं. श्रावणीनं निम्म्या आट्यावर चावी थांबवली, हवेचा एक सुस्कारा जाऊ दिला, मग उरलेले फिरवले. पेठेतला हॉटेलवाला म्हणाला, तात्याच आलाय वाटलं, वेणी बघितली तेव्हा कळलं.

पण चार दिवसांत बाकीचंही दिसायला लागलं. श्रावणी व्हॉल्व्ह उघडून झाला की डाव्या तळव्यावर उजवा अंगठा रगडायची, दोनदा थापटायची आणि चिमूट उचलून ओठाजवळ न्यायची. चिमटीत काहीच नसायचं.

"आई म्हणती, लग्न कसं व्हायचं तुझं," ती हणमंतला म्हणाली. "बघायला आलेल्यांच्या पुढं चहा ठेवला आन् तंबाखू मळायला लागले. पट्टा काढला तरी दोन तास हात सोडत न्हाई."

"चुना जास्त लावतेस," हणमंत म्हणाला. "दोन बोटं न्हाई, एक."

इरफानचं वेगळंच होतं. मारुतीच्या देवळासमोर आला की त्याचा हात छातीला लागून कपाळाला जाई. "पुजारी रोज प्रसाद द्यायला लागलाय," तो म्हणाला. "अब्बा म्हणाले, खोबरं असंल तर घरी पण आण."

गोठ्याजवळच्या वळणावर दोघांचेही हात खिशात जात आणि एका लंगड्या कुत्र्याला बिस्कीट टाकत. दोघं आता बिस्किटं जवळ बाळगू लागले होते. क्षीरसागर मॅडमनी पट्ट्यानं काढलेला एकशेचाळीस पानी अहवाल कपाटात ठेवला, वर 'उत्कृष्ट' असा शिक्का मारून.

मग टेकआळीची पाळी श्रावणीकडं आली.

टेकआळीचा व्हॉल्व्ह आक्काच्या दारासमोर, रस्त्याच्या पलीकडं. हणमंतची चावी खडखडली की आक्का दार धाडकन लावी. सोळा वर्षांत तो तिथं काय करतो ते तिनं बघितलं नव्हतं. पण श्रावणीशी तिचं वैर नव्हतं. दार उघडं होतं. आक्का उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती, शेजारी नळाखाली हंडा.

श्रावणीनं अठरा आटे उघडले, दांड्याला कान लावला, रिकामी तंबाखू मळली. पंचवीस मिनिटं झाली. तिचा हात चावीकडं गेला नाही, गुडघ्यावर पडून राहिला. चौतीस मिनिटं झाली तेव्हा उठला. व्हॉल्व्ह बंद केला. चावीनं झाकणावर तीनदा ठोकलं. मग तो उजवा हात वर गेला, कुणाला तरी हाक मारावी तसा, आणि मध्येच लाजून, डोक्यावरनं वळसा घालून, डाव्या कानाची पाळी धरून बसला.

आक्काच्या हातातली मेथी तिथंच थांबली.

गावच्या शाळेत जुन्या काळी जन्मदाखला नसलेल्या पोरांचं वय असं बघत. उजवा हात डोक्यावरनं डाव्या कानाला पुरला की पोरगं पहिलीत. हणमंतचा पुरत नव्हता. दहा वर्षांच्या शालननं गुरुजींची नजर चुकवून त्याचं डोकं अलगद वाकडं केलं होतं आणि कान हाताला भेटवला होता. पुढं जन्मभर, काही चुकलं, काही मागायचं असलं आणि तोंडातनं शब्द फुटेना, की हणमंतचा हात तसाच डोक्यावरनं जाई.

"ए पोरी, इकडं ये," आक्का म्हणाली. "आत्ता काय केलंस?"

"पाणी बंद केलं, आक्का."

"ते न्हाई. कानाचं."

"ते माझं न्हाई ओ. तात्यांचं हाय. पट्ट्यातनं येतं. ते जे रोज करतात ते सगळं येतं."

"सगळीकडं येतं?"

"तंबाखूचं सगळीकडं. कानाचं फक्त हितं. त्रेसष्टात एकाच जागी."

आक्कानं मेथी बाजूला सारली. मग तिनं शेतातली वाट विचारावी तसं एकेक विचारलं. "आज पाणी किती वेळ सोडलंस?"

"चौतीस मिनिटं."

"नियम कितीचा?"

"पंचवीसचा."

"मग वरची नऊ कुठनं आली?"

श्रावणी खोटं बोलायला शिकलेली नव्हती. तेवढं पट्ट्यात आलं नव्हतं. "खालच्या आळीतनं," ती म्हणाली. "तिथं हात सोळा मिनिटांतच बंद करतो."

खालच्या आळीत कुणाचं घर, हे आक्काला सांगावं लागलं नाही. ती उठली. भरलेला हंडा ओतून देणार होती. पण पाणी ओतून देणं टेकआळीच्या बाईला जमत नाही. तिनं तो शेजारणीच्या पिंपात रिकामा केला आणि अर्ज लिहायला बसली.

*

'विषय: जास्तीचे पाणी बंद करणेबाबत.'

तक्रार खिडकीवरच्या यंत्रात तीनच पर्याय होते. पाणी येत नाही, कमी येते, गढूळ येते. कारकुनानं आक्काची तक्रार 'गढूळ'मध्ये टाकली. त्यामुळं आधी दोन माणसं येऊन तिच्या नळाचं पाणी बाटलीत भरून घेऊन गेली. मग ती स्वतःच मॅडमच्या खोलीत शिरली.

मॅडमनी कपाटातला अहवाल काढला. एकोणनव्वदाव्या पानावर स्पष्ट होतं. टेकआळी, अधिक नऊ. खालची आळी, उणे नऊ. कारण, अज्ञात. हणमंतला बोलावणं गेलं.

तो दारात उभा राहिला. आक्कानं मान भिंतीकडं वळवली.

"हणमंतराव, हे काय आहे?"

"चढ हाय मॅडम. हवा जायला येळ लागतो."

"ते कळलं. पण तुमच्याच आळीचं पाणी का?"

हणमंतचा हात वर निघाला. त्यानं तो मध्येच धरून खाली आणला.

"मॅडम, त्यांना म्हणावं," आक्का भिंतीला म्हणाली, "सोळा वर्षं मला न विचारता ज्या घरचं पाणी पाजलं, ते उद्यापासनं नको. माझी शपथ मोडली ती मोडली. आता एक थेंब नको."

"आक्का, अहो बाकीच्या घरांचं काय? सगळ्या आळीलाच पाणी—"

"आळीचं आळी बघंल."

मॅडमपुढं पेच पडला. नियम मोडलेला तर दिसतच होता. पट्ट्यातली चूक काढायची तर एकच वाट होती. ज्या हातनं शिकला, त्याच हातानं पुन्हा वेगळं करून दाखवायचं. हणमंतनं निवृत्तीपर्यंतचे उरलेले आठ दिवस पट्टा घालून टेकआळीचा व्हॉल्व्ह पंचविसाव्या मिनिटाला बंद करायचा, म्हणजे पट्टा जुनं विसरेल. तसा आदेश त्यांनी काढला.

"उद्या मी स्वतः उभी राहून बघणार," आक्का म्हणाली.

घरी मंगलनं सगळं ऐकून घेतलं. हातातलं लाटणं खाली ठेवलं. "म्हंजे सोळा वर्षं मी नगरपालिकेला जे काय बोलत होते ते सगळं तुम्हालाच लागत होतं म्हणायचं."

"व्हय."

"बरं झालं. वाया न्हाई गेलं." मग पुन्हा लाटणं उचलून ती म्हणाली, "ती साडी मीच ट्रंकेतनं काढली होती. दोरा कोण बघतंय."

*

सकाळी सात वाजता टेकआळीतल्या बायका दारोदार उभ्या होत्या. कुणी आक्काला समजावून थकली होती, कुणी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. "तुझा रुसवा आन् आमच्या घागरी," शेजारीण मोठ्यानं म्हणाली. आक्का व्हॉल्व्हजवळ जाऊन उभी राहिली. हातात तिनं घड्याळ धरलं होतं.

हणमंतनं अठरा आटे उघडले. फुसफुस झाली, मग आळीभर नळ बोलू लागले. दोघं भावंडं हातभर अंतरावर, एकमेकांकडं न बघता. श्रावणी कडेला.

"पंचवीस," आक्का म्हणाली.

हणमंतनं चावी धरली. हात वळेना. त्यानं दुसरा हात लावला. अर्धा आटा फिरला आणि थांबला.

"फिरव की."

"फिरत न्हाई आक्का."

"गंजलाय का?"

"व्हॉल्व्ह न्हाई गंजला."

"सर बाजूला. मी करते." तिनं पदर खोचला.

"पट्ट्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई, नियम हाय," श्रावणी पटकन म्हणाली आणि आपला पट्टा काढून आक्काच्या हातावर चढवला. तो नियम तिनं त्याच क्षणी केला होता, हे नंतर तिनं कबूल केलं.

आक्कानं चावी धरली. बंद करायची म्हणून जोर लावणार, तेवढ्यात मनगटाच्या आत काहीतरी हललं. ओढलं नाही, अडवलं नाही. पाळण्याची दोरी थांबवायची नसते तेव्हा हात जसा मऊ होतो, तसा तिचा हात मऊ झाला. थांब, असं तो म्हणत होता. अजून तिची घागर भरली नसेल. हंडा राहिला असेल. गुडघे दुखतात तिचे. थांब जरा. त्या मऊपणात घाई नव्हती. रोज रोज उभं राहून आलेलं एक थांबणं होतं.

आक्का मनात आणती तर बंद करू शकली असती. पट्टा फक्त आठवण देतो. ती थांबली.

सव्वीस झाली. सत्तावीस झाली.

"तू साडी बघितली न्हाईस," ती म्हणाली. सोळा वर्षांत त्याला उद्देशून बोललेलं हे तिचं पहिलं धड वाक्य.

"न्हाई बघितली."

"खोटं तरी बोल."

"आहेराच्या साड्या मला सगळ्या एकसारख्याच दिसतात गं."

"तेच म्हणते मी. सात घरच्यांनी बघितली न्हाई ते चालंल. ती परक्याचीच घरं. भावानं तर घडी मोडून बघायची."

"चुकलं."

"हिरवा दोरा होता. आंधळ्याला दिसला असता."

"चुकलं म्हणलं न्हवं."

"कधी म्हणलास?"

"आत्ता."

"सोळा वर्षं लागली?"

"तू दार लावायचीस."

"मग ठोकायचं की."

"ठोकत होतो," हणमंत म्हणाला. "झाकणावर. तीनदा."

आक्कानं झाकणाकडं बघितलं. रोज पाणी जाताना होणारा तो ठण् ठण् आवाज ती पाइपाचा समजत आली होती. आळीतल्या बायका आता भांडी खाली ठेवून बघत होत्या. दोन घागरी वाहून गेल्या तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

बत्तीस. तेहतीस. चौतीस.

आक्काचा हात आपोआप उठला. तिनं उरलेले आटे बंद केले, चावीनं तीनदा ठोकलं. आणि मग तिचा उजवा हात वर गेला, डोक्यावरनं वळसा घालून डाव्या कानाला लागला. तिथं तो राहिला. मागं एक बाई फिसकन हसली.

"खोड तुझी आणि कान माझा," आक्का म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि कान तिनं तसाच धरून ठेवला होता.

मग ती घरात गेली. हणमंतला वाटलं, आता दार लागणार. ती तांब्या घेऊन बाहेर आली, काठोकाठ भरलेला. नऊ मिनिटांतलं पाणी.

"घे."

"आक्का, तू तर शपथ—"

"तुझ्या घरचं पाणी मी पिणार न्हाई म्हणले होते. माझ्या घरचं तू पिऊ नकोस, असं कोण म्हणलं होतं?"

हणमंतनं ओंजळ पुढं केली. आक्का वरनं धार धरत होती आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती. शेजारणीनं कान दिला. मधली रिकामी जागा भरून निघत होती:

*भावाची गं माया, जशी रांजणाची ओल,*
*वरनं दिसं कोरडं, आत पाणी खोल.*

*

दुपारी मॅडम स्वतः टेकआळीत आल्या. त्यांनी रात्रभर आकडे मांडले होते आणि त्यांना पटलं होतं, की वेळ सारखी दिली म्हणजे पाणी सारखं मिळतं असं नाही.

"आक्का, तुमची अडचण सुटली," त्या म्हणाल्या. "टेकआळीला चौतीस आणि खालच्या आळीला सोळा, असा नियमच करते. म्हणजे ते पाणी नगरपालिकेचं. तुमच्या भावाचं नाही. तुम्ही खुशाल प्या."

आक्का उंबऱ्यातनं उठली. "आता करता व्हय नियम? सोळा वर्षं माझ्या भावानं दिलेलं पाणी नगरपालिकेच्या नावावर चढवता?"

मॅडमनी हणमंतकडं बघितलं. हणमंत बिस्किटासाठी मागनं आलेल्या लंगड्या कुत्र्याकडं बघत होता.

शेवटी नियम झालाच. पण अहवालाच्या एकोणनव्वदाव्या पानावर 'कारण' ह्या रकान्यातलं 'अज्ञात' खोडून मॅडमनी पेनानं 'ह. शेडगे' असं लिहिलं. आक्कानं ते पान डोळ्यांनी बघितल्यावरच अर्ज मागं घेतला. 'गढूळ'मधली तक्रार त्यामुळं 'निवळली' अशी बंद झाली.

३१ मेला हणमंत निवृत्त झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला. भाषण करा म्हणाले तेव्हा तो म्हणाला, "पान एक बघा," आणि खाली बसला.

दुसऱ्या दिवसापासनं तो रोज सकाळी टेकआळीत आक्काच्या पायरीवर येऊन बसू लागला. पाणी कोण सोडतंय ते बघायला, असं तो म्हणे. पाणी बंद झालं की आक्का तांब्या घेऊन बाहेर येई. आधी भावाच्या ओंजळीत धार, मग श्रावणी असो की इरफान, त्यांच्या ओंजळीत. बायकोनं दिलेला डबा हणमंत आक्कापुढं ठेवी. त्यातलं ती सगळं खाई, पाणी मात्र आपल्या घरचं पिई.

असं एकवीस दिवस चाललं. पट्टा कुणाच्याही हातावर असला तरी त्याचं टिपणं चालूच होतं.

बाविसाव्या दिवशी आक्काला उशीर झाला. आत दूध उतू जात होतं. इरफाननं चौतिसाव्या मिनिटाला व्हॉल्व्ह बंद केला, तीनदा ठोकलं, कान धरला. आणि मग त्याचा हात आपोआप पुढं झाला, अर्धी ओंजळ करून, बंद दाराकडं. त्यानं मागं घेतला. तो पुन्हा पुढं गेला.

"आक्का," त्यानं ओशाळून हाक मारली, "तहान न्हाई मला, पण हात ऐकंना."

"आले, आले," आतनं आवाज आला. "हाताला म्हणावं, दम धर. नऊ मिनिटं थांबायचं तर शिकलाय की न्हाई तो?"

पायरीवर बसलेल्या हणमंतनं तंबाखूची डबी मिटली आणि इरफानसाठी जागा करून दिली.